गिअर पडत नाही: दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली आणि सिग्नलला पहिला गिअर टाकताना लिव्हर अडू लागला, की मालकाच्या तोंडून हमखास निघतं, 'गिअरबॉक्स गेला.' गॅरेजमध्ये तक्रारही त्याच शब्दांत नोंदवली जाते आणि मेकॅनिकने डोळे मिटून त्या शब्दांवर विश्वास ठेवला, तर चांगला गिअरबॉक्स विनाकारण खोलला जातो. जुन्या छोट्या मॅन्युअल गाडीत या तक्रारीमागे बहुतेकदा क्लच असतो, किंवा लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी जोडणी. खरा गिअरबॉक्सचा दोषही असतो, पण त्याची लक्षणं वेगळी असतात आणि ती घरच्या घरी, एकही नट न फिरवता बरीचशी ओळखता येतात.

दोघांची गल्लत होते ती त्यांच्या कामामुळे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे क्लच बसतो. पेडल दाबलं की क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकापासून, मोकळी होते आणि गिअरबॉक्समध्ये फिरकी आणणाऱ्या दांड्याचा, इनपुट शाफ्टचा, इंजिनशी संबंध तुटतो. गिअर बदलायचा तो याच वेळात. आत प्रत्येक गिअरशेजारी सिंक्रो रिंग असते, जुन्या गाड्यांत साधारणपणे पितळेची. ती गिअरच्या कोनाला घासून दोन्हींचा वेग जुळवते आणि वेग जुळला की स्लीव्ह, म्हणजे लिव्हरने सरकणारं कडं, दात्यांत बसते. या रिंगने आवरायचं असतं ते फक्त शाफ्ट आणि क्लच प्लेट एवढंच वजन. क्लच अर्धवटच सुटला असेल तर शाफ्टला इंजिनचा रेटा मिळत राहतो. मग नवी कोरी सिंक्रो रिंगही हरते आणि दाते कर्र करून ओरडतात. आवाज गिअरबॉक्समधून येतो, कारण मात्र क्लचमध्ये असतं.

म्हणून पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून. गाडी सपाट जागी उभी करा, क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केलं की अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजायला हरकत नाही. बंद असतानाही अडत असतील, तर क्लचला सोडून द्या. दोष जोडणीत आहे किंवा आत. इथे एक पथ्य आहे. उभ्या गाडीत कधी कधी दात्यासमोर दाता येतो आणि गिअर पडत नाही. न्यूट्रलला येऊन क्लच एकदा सोडायचा, पुन्हा दाबायचा, किंवा गाडी बोटभर पुढे ढकलायची. त्यानंतर पडला तर तो दोष धरायचा नाही.

दुसरी परीक्षा रिव्हर्सची, आणि मला विचाराल तर सगळ्यात बोलकी हीच. जुन्या छोट्या गाड्यांपैकी पुष्कळांच्या रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लचची चूक झाकायला तिथे कुणी नसतं. हँडब्रेक ओढा, समोर-मागे मोकळी जागा आहे ना ते बघा, एसी बंद करा आणि इंजिन गरम होऊन आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबताच्या वेगाला, स्थिर होऊ द्या. गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच जमिनीपर्यंत दाबलेला. आता घाई न करता चार-पाच सेकंद थांबा. क्लच नीट सुटला असेल तर तेवढ्यात इनपुट शाफ्ट गिअर ऑइलच्या ओढीनेच थांबतो. मग लिव्हर हळू रिव्हर्सला न्या. आवाज न करता पडला, तर क्लच निर्दोष. एवढं थांबूनही कर्र झालं, तर शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच त्याला ओढतोय. न थांबता टाकल्यावर झालेली कर्र दोघांपैकी कुणाचाच गुन्हा सिद्ध करत नाही. ती चालवणाऱ्याची घाई. रिव्हर्सलाही सिंक्रो असलेल्या गाडीत मात्र ही परीक्षा इतकी स्वच्छ निकाल देत नाही.

कर्र झालीच, तर पेडल भराभर दोन-तीनदा दाबून सोडा आणि पुन्हा करून बघा. त्याने फरक पडला तर हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे पेडलचा दाब ऑइलने क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत, हवा शिरली आहे किंवा तिचा सिलिंडर गळतोय. बॉनेट उघडून डब्यातली ऑइलची पातळी बघा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डब्यातलं ब्रेक ऑइल वापरतात, त्यामुळे ही गळती अंगावर काढण्यासारखी नाही. केबलची गाडी असेल तर ताणलेली केबल, झिजलेला फोर्क (क्लच सोडवणारा दुबेळका) किंवा बिघडलेली अ‍ॅडजस्टमेंट बघायची. पेडलखाली सरकलेलं जाड मॅटही हेच लक्षण दाखवतं, तेव्हा आधी ते उचला. महिनोन्महिने दमट हवेत उभी राहिलेली गाडी असेल, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असू शकते.

आता गिअरबॉक्सची बाजू. त्याची मुख्य खूण अशी, की तक्रार एका ठरावीक गिअरपुरती असते. तुम्ही कोणता गिअर टाकताय हे क्लचला कळत नाही. तो सुटत नसेल तर सगळ्यांनाच त्रास देतो. त्यामुळे बाकी सगळं मऊ आणि फक्त तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना कर्र, असं असेल तर दुसऱ्याचा सिंक्रो झिजलाय. याची खातरजमा चालत्या गाडीत होते. एकदा झटकन टाका, एकदा न्यूट्रलला क्षणभर रेंगाळून हळू टाका. हळू टाकल्यावर कर्र नाहीशी होत असेल तर संशय पक्का होतो. डबल क्लच जमत असेल, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, जरासा अ‍ॅक्सिलरेटर देऊन, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकता येत असेल, तर आणखी उत्तम. त्यात सिंक्रोचं काम तुमचा पाय करतो, आणि गिअर लोण्यासारखा बसला तर काय झिजलंय ते उघडच होतं.

या नियमाला एक फसवा अपवाद आहे. फक्त पहिला आणि रिव्हर्स अडतात, तेही गाडी उभी असताना, आणि चालत्या गाडीत बाकीचे ठीक पडतात. मालक म्हणतो, 'दोनच गिअर खराब आहेत, म्हणजे गिअरबॉक्स.' तसं नाही. उभ्या गाडीत शाफ्ट पूर्ण थांबवावा लागतो, म्हणून अर्धवट सुटणारा क्लच सगळ्यात आधी तिथेच उघडा पडतो.

उलट्या दिशेची गल्लतही होते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, पण गाडीने वेग घेतला नाही. लोक म्हणतात गिअर घसरतोय. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर घसरत नसतो. दाते एकतर अडकलेले असतात किंवा सुटलेले. घसरतो तो क्लच. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, मोकळ्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर आरपीएमचा काटा एकदम उडाला आणि वेग जागच्या जागी राहिला, की प्लेट संपलेली आहे किंवा तिच्यावर ऑइल आलेलं आहे. जळका वास आला तर प्रश्नच मिटला. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नये, प्रत्येक वेळी प्लेटच जळते.

गिअर आपोआप न्यूट्रलला उडतो, ही तक्रार मात्र खरोखर आतली असू शकते: दात्यांच्या झिजलेल्या कडा, स्लीव्ह सरकवणारा शिफ्ट फोर्क वाकलेला किंवा झिजलेला, गिअर जागी धरून ठेवणारी डिटेंट स्प्रिंग मेलेली. तरीही गिअरबॉक्स उघडायच्या आधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे रबरी टेकू, बघावं. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना लिव्हर स्वतःहून पुढे-मागे डुलत असेल, तर अख्खं इंजिन हलतंय आणि जोडणी ओढून गिअर बाहेर काढतेय. रबराचा एक तुकडा बदलून जे मिटतं, त्यासाठी गिअरबॉक्सची चिरफाड कशाला?

जोडणीचा दोष हा या भांडणातला तिसरा, दुर्लक्षित पक्ष. लिव्हर न्यूट्रलला खुळखुळतो, कोणता गिअर कुठे आहे ते हाताला सापडत नाही, तिसरा टाकायला जावं तर पहिला लागतो. बुश (सांध्यांतल्या छोट्या नळ्या) झिजले, केबल सैल झाली किंवा रॉडचा सांधा ढिला झाला की हे होतं. गाडीखाली जाऊन बघा आणि वर दुसऱ्याला लिव्हर हलवायला सांगा. हालचाल कुठे वाया जाते ते दिसतं.

आवाजाच्या बाबतीत पाय हेच निदानाचं हत्यार. इंजिन आयडलला, गाडी न्यूट्रलमध्ये, क्लचवर पाय नाही, आणि घरघर ऐकू येते. क्लच पूर्ण दाबला की थांबते. इनपुट शाफ्टचं बेअरिंग, म्हणजे गिअरबॉक्स. याच्या उलट, पाय काढलेला असताना शांत आणि दाबल्यावर किरकिर, तर पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच. मधली एक छटा लक्षात ठेवावी. पेडलवर पाय नुसता टेकवताच, क्लच सुटायच्या कितीतरी आधी आवाज गेला, तर तेही रिलीज बेअरिंग किंवा त्याचा फोर्कच, नुसता सैल खुळखुळणारा. उतारावर न्यूट्रलमध्येही गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी गुणगुण डिफरन्शियलची (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांची) किंवा चाकाच्या बेअरिंगची. वळणावर ती बदलली तर बहुधा चाकाची.

गिअर ऑइलकडे जुन्या गाडीत कुणी ढुंकून बघत नाही. थंडीत पहिले काही किलोमीटर गिअर जड जाणं हे घट्ट ऑइलमुळे, त्यात काळजीचं काही नाही. कायम जड असेल तर पातळी बघावी. ऑइल बदलायचं असेल तर आधी ते भरायचा वरचा नट सुटतो का ते तपासा, मगच ऑइल सोडायचा खालचा काढा. ऑइल सांडून गेल्यावर वरचा नट गंजून बसलाय हे कळणं फार महागात पडतं. ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच. पुस्तिका ७५डब्ल्यू-९० (घट्टपणा) जीएल-४ (ऑइलमधल्या रसायनांचा दर्जा) म्हणत असेल तर 'वरचा ग्रेड' म्हणून जीएल-५ घालू नये, कारण त्यातले गंधकयुक्त घटक पितळी सिंक्रोला मारक ठरू शकतात. खालच्या नटावर बऱ्याचदा चुंबक असतं. ते बोटांत घेऊन बघा. करड्या लोण्यासारखा बारीक लेप असेल तर वयाला शोभेशी झीज. लेपात नखाला टोचणारा चुरा किंवा दात्याचा तुकडा सापडला तर आत काहीतरी तुटलंय. ऑइलमध्ये सोनेरी चमक तरंगत असेल तर ती पितळ, म्हणजे सिंक्रो. चुंबक पितळ पकडत नाही, म्हणून ऑइल उजेडात तिरकं धरून बघावं लागतं.

दोन्ही दोष एकत्र असू शकतात, आणि तेव्हा क्रम महत्त्वाचा. न सुटणारा क्लच वर्षभर तसाच चालवला तर तो सिंक्रो खातो. क्लच बदलल्यावर दुसऱ्या गिअरची कर्र राहिली तर ती आता खरी गिअरबॉक्सची. आधी क्लच, मग सिंक्रोचा न्याय.

क्लच प्लेट बदलायलाही गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. गॅरेजवाल्याने 'गिअरबॉक्स उतरवला' म्हटलं म्हणजे तो खोललाच असं नाही, तेव्हा बिलावर नेमकं काय केलं ते लिहून घ्यावं. उतरवलेलाच असेल तर प्लेटबरोबर तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदला, क्रँकचं मागचं सील आणि इनपुट शाफ्टचं सील पाझरतंय का बघा. इनपुट शाफ्ट हाताने फिरवून घ्यायला सांगा. किंचित हालचाल बऱ्याच गिअरबॉक्समध्ये मुळातच असते, पण फिरवताना खरखर लागता कामा नये. ती नसेल आणि कोणत्याही एका गिअरची तक्रारही नसेल, तर न खोलता तसाच परत चढवा.