लंडनच्या निळ्या फलकासाठी अर्ज: पात्रता, पुरावे आणि अर्ज अडण्याच्या जागा

मेडा व्हेल भागातील 10, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळकांचा फलक आहे आणि हायगेटमधील 65, क्रॉमवेल अव्हेन्यू या घरावर विनायक दामोदर सावरकरांचा. लंडनला येणारा मराठी माणूस हे फलक पाहतो आणि आपल्या आदराच्या आणखी एखाद्या व्यक्तीचे नाव शहराच्या भिंतीवर का नाही, असे हमखास विचारतो. अर्ज कोणालाही करता येतो, त्याला शुल्क नाही आणि फलकाचा खर्चही अर्जदारावर पडत नाही. तरीही परिश्रमपूर्वक लिहिलेले अर्ज परत येतात आणि त्यांची कारणे बहुतेक वेळा तीच असतात.

नामवंत व्यक्ती राहिलेल्या घरांवर असे निळे फलक लावण्याची ही योजना सोसायटी ऑफ आर्ट्सने 1866 मध्ये सुरू केली आणि 1986 पासून ती ‘इंग्लिश हेरिटेज’ ही संस्था चालवते. अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. व्यक्तीच्या निधनाला किमान 20 वर्षे झालेली असावी लागतात. जन्मशताब्दीचे औचित्य साधून केलेले कित्येक अर्ज या एका अटीवरच बाद होऊ शकतात, कारण मुदत निधनाच्या तारखेपासून मोजली जाते आणि शताब्दीचा तिच्याशी काहीही संबंध नसतो.

व्यक्तीचे कार्य मोठे आणि लोकहिताचे असावे, ही अट आपल्याकडचे अर्जदार चांगली पूर्ण करतात, किंबहुना सगळी शक्ती तिथेच खर्च करतात. पण फलक घराला लागतो. म्हणून त्या व्यक्तीचे लंडनमधील वास्तव्य तिच्या जीवनकार्याच्या दृष्टीने महत्त्वाचे होते, हे दाखवावे लागते. ते दीर्घच असले पाहिजे असे नाही. टिळकांच्या फलकावर 1918-1919 एवढाच काळ कोरलेला आहे, परंतु ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्याविरुद्धचा अब्रुनुकसानीचा खटला आणि स्वराज्याचा प्रचार याच मुक्कामात झाला. याउलट गोलमेज परिषदेसाठी काही आठवडे हॉटेलात उतरलेल्या व्यक्तीचे वास्तव्य सिद्ध झाले, तरी तेवढ्यावर अर्ज टिकणे अवघड असते.

खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची आहे. इंग्लंडच्या जनगणनेत घरोघरची नावे मिळतात, त्यामुळे 1891, 1901, 1911 आणि 1921 या वर्षी लंडनमध्ये असलेल्या माणसाचा शोध लागू शकतो. परंतु 1931 च्या जनगणनेचे कागद 1942 मध्ये आगीत जळाले, 1941 ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही, आणि मध्ये आधार उरतो तो केवळ युद्ध सुरू होताच केलेल्या, रहिवाशांच्या 1939 च्या नोंदवहीचा. म्हणजे 1922 ते 1938 या काळात शिकून परतलेला विद्यार्थी या कागदांत कोठेच दिसत नाही, आणि आपल्याकडील अनेक नावे नेमकी त्याच काळातील आहेत. मतदार यादीत किंवा जुन्या टपाल निर्देशिकेत शोधावे, तर घरमालकिणीचे नाव सापडते. तिच्याकडे खोली घेऊन राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचे सहसा सापडत नाही.

अशा वेळी महाविद्यालयाची किंवा बॅरिस्टरीच्या संस्थेची प्रवेशनोंद आणि परतीच्या जहाजाची प्रवासी यादी पाहावी. सर्वांत मोलाचा पुरावा मात्र पुण्या-कोल्हापुरातील एखाद्या जुन्या ट्रंकेत असतो. विलायतेहून आलेली पत्रे कुटुंबांनी जपलेली असतात, पण पाकिटे फेकून दिलेली असतात. ज्यांच्या घरी अशी पत्रे आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पत्राच्या शिरोभागी लिहिलेला पत्ता, तारीख आणि टपालाचा शिक्का यांची छायाचित्रे आजच काढून ठेवावीत. संस्थेचे इतिहासतज्ज्ञ स्वतः संशोधन करतात हे खरे, पण मराठी पत्रव्यवहार त्यांच्या हाती आपणच दिला नाही तर तो त्यांना मिळणार कोठून?

पत्ता मिळाल्यावर ते घर आज उभे आहे का, हे पाहावे लागते. ते बृहन्लंडनमध्ये, पण ‘सिटी ऑफ लंडन’ या जुन्या गाभ्याच्या हद्दीबाहेर असावे, रस्त्यावरून दिसावे आणि त्या व्यक्तीला आजही ओळखता येईल अशा रूपात असावे. बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घराच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीवर फलक लागत नाही. त्यातच लंडनमधील असंख्य रस्त्यांची नावे आणि घरांचे क्रमांक नंतर बदलले गेले असल्याने जुन्या पत्रावरील 14 क्रमांक म्हणजे आजचा 14 असे गृहीत धरू नये. शाळा, चर्च किंवा नाट्यगृह यांसारख्या, अनेकांशी नाते असलेल्या इमारती सहसा विचारात घेतल्या जात नाहीत. म्हणूनच डॉ. रखमाबाईंसाठी कोणी अर्ज करू पाहत असेल, तर त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या, एवढे सांगून भागणार नाही; 1889 ते 1894 या काळात त्या कोठे राहिल्या हे शोधावे, आणि त्यासाठी 1891 ची जनगणना आधी उघडावी.

गांधीजींचे दोन फलक आहेत, मग आम्हाला दुसरा का नाही, असाही प्रश्न येतो. ते दोन्ही इंग्लिश हेरिटेजच्या आधी ही योजना चालवणाऱ्या जुन्या प्रशासनांच्या काळातील आहेत. आता एका व्यक्तीला एकच फलक मिळतो. त्याहून कठोर नियम असा की नाकारलेल्या नावाचा पुढील 10 वर्षे पुन्हा विचार होत नाही. एखाद्या उत्साही मंडळाने अर्धवट कागदांवर केलेल्या घाईची शिक्षा दुसऱ्या अभ्यासू अर्जदाराला दहा वर्षे भोगावी लागावी, हे मला अन्यायाचे वाटते, पण नियम आहे तोवर उपाय एवढाच की आपसांत विचारपूस करून एकच परिपूर्ण अर्ज द्यावा.

नाव मान्य झाले तरी घराच्या मालकांची संमती लागते. लंडनमध्ये जमिनीची मालकी एकाची आणि दीर्घ भाडेपट्टा दुसऱ्याचा, असे सर्रास असते, आणि त्यांपैकी एकानेही नकार दिला तर त्या घरावर फलक लागू शकत नाही. इमारत संरक्षित यादीत असल्यास स्थानिक परिषदेची परवानगी आणखी वेगळी लागते. संमती मिळवण्याचे काम संस्था करते, त्यामुळे अर्जदारांनी उत्साहाच्या भरात त्या घराची घंटा वाजवून रहिवाशांना त्रस्त करू नये. सर्व काही सुरळीत झाले तरी दोन-तीन वर्षे सहज जातात, तेव्हा अमुक जयंतीला अनावरण होईल असे कोणालाही कळवू नये आणि पाहुण्यांची तिकिटे संस्थेकडून लेखी तारीख आल्यावरच काढावीत.