शुगर, भाकरी आणि आतड्यातले जिवाणू

आमच्या परभणीकडं मधुमेह झाला असं सहसा कोणी म्हणत नाही, 'शुगर निघाली' म्हणतात. आईला निघाली तेव्हा शेजारच्या मावशींनी पहिलं हेच सांगितलं, "भात कमी करा, भाकरी धरा." त्या भाकरीचा आणि आतड्यातल्या जिवाणूंचा संबंध शास्त्राला लागला तो गेल्या वीसेक वर्षांत.

2004 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसला जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे 60 टक्क्यांनी वाढली, खाणं मात्र कमी झालं होतं. शरीर इन्सुलिनलाही दाद देईना. 2007 मध्ये पात्रीस कानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांतच दाखवलं, की फार स्निग्ध आहारानं काही जिवाणूंच्या कवचातला विषारी अंश रक्तात झिरपतो आणि अंगात बारीक दाह धुमसत राहतो.

माणसांकडं वळल्यावर गोष्ट भाकरीपर्यंत आली. 2012 मध्ये चीनमधल्या 345 जणांची विष्ठा तपासली, तर मधुमेहींमध्ये ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू कमी आढळले. आपल्याला न पचणारा तंतू मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं. जेवणानंतर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगणारं जीएलपी-1 हे संप्रेरकही या आम्लांमुळं स्रवतं. ज्वारीत 100 ग्रॅममागं सुमारे 10 ग्रॅम तंतू असतो, पांढऱ्या तांदळात तीनही नाही. न चाळलेल्या गव्हाच्या पिठात तो ज्वारीइतकाच असतो, म्हणून पोळीला उगाच बोल लावू नये. कोंडा गेला की मात्र तंतू गेला. आई आजही रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाते. शिजलेलं पीठ थंड झालं की त्यातल्या स्टार्चचा काही भाग पचेनासा होतो आणि तोही जिवाणूंच्याच वाट्याला जातो. मराठवाड्यात ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, तसा हा घास ताटातून मागं सरला. मला हा बदल फार मोठा वाटतो.

पण 2015 मध्ये एक मोठी दुरुस्ती झाली. 784 नमुने पुन्हा तपासल्यावर कळलं, की मधुमेहाच्या नावावर मांडलेले बरेच बदल मुळात मेटफॉर्मिनचे, म्हणजे शुगरसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळीचे होते. आधीच्या बहुतेक अभ्यासांत ही गोळी घेणारे आणि न घेणारे वेगळे काढलेच नव्हते. 2017 मध्ये त्याची दुसरी बाजू दिसली: मेटफॉर्मिन घेतलेल्यांची विष्ठा निर्जंतुक उंदरांना दिली, तर त्यांची साखर पेलण्याची ताकद सुधारली. म्हणजे ही जुनी गोळी काही अंशी जिवाणूंमार्फतही काम करत असावी.

'आतड्यासाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या महागड्या कॅप्सूल पाहिल्या की मला 2013 चा स्वीडनचा अभ्यास आठवतो. तिथल्या सत्तरीच्या 145 बायकांमध्ये मधुमेहाची खूण ठरलेले जिवाणू चीनमधल्या खुणांशी जुळले नाहीत. भारतीयांच्या आतड्यात तर प्रिव्होटेला या तंतू खाणाऱ्या जिवाणूचं प्राबल्य दिसतं. बीड-लातूरच्या पोटाचा हिशेब इथल्याच माणसांना तपासून मांडावा लागेल, आणि तोही कोण मेटफॉर्मिनवर आहे हे आधी विचारून.