कासदाहाच्या दुधाचा नमुना तपासायला कसा पाठवायचा: पात्रता, कागदपत्रे, निकाल

गाईला दगडी, म्हणजे कासदाह (कासेची सूज) झाली, इंजेक्शनं झाली, तरी सड घट्टच आणि धारेत गुठळ्या. अशा वेळी औषध बदलत बसण्यापेक्षा दूध तपासून घ्यावं.

जनावर पाळणारा कोणीही तपासणी करून घेऊ शकतो. एकच गाय असली तरी चालतं. नमुना मात्र आपल्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फत पाठवावा. सोय असेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, नाहीतर पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे तो जातो. शुल्क दवाखान्यातच विचारून घ्या.

कागद फारसे नाहीत. डॉक्टरांचं पत्र आणि माहितीचा तक्ता: मालकाचं नाव, गाव, मोबाईल, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, वय, वेत, लक्षणं, गोठ्यात आणखी किती आजारी, कोणती लस कधी दिली. सगळ्यात महत्त्वाचा रकाना दिलेल्या औषधांचा, आणि नेमका तोच कोरा राहतो. प्रतिजैविक (जिवाणू मारणारं औषध) दिल्यावर घेतलेल्या दुधात जिवाणू बऱ्याचदा वाढत नाहीत, निकाल ‘वाढ नाही’ येतो आणि मालक म्हणतो, प्रयोगशाळा काही कामाची नाही! म्हणून नमुना इंजेक्शनच्या आधी घ्या. सुरू झालं असेल तर तसं लिहा.

निर्जंतुक बाटली दवाखान्यातून घ्या. धुतलेली औषधाची बाटली नको. कास धुऊन कोरडी पुसा, पहिल्या धारा टाकून द्या. सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा: आधी पलीकडचे सड, मग अलीकडचे. दूध घेताना उलट, आधी अलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला हात लागत नाही. बाटली आडवी धरा, शेण-धूळ आत पडत नाही. पाच-दहा मिली पुरे. बाटलीवर बिल्ल्याचा क्रमांक, सड आणि तारीख लिहून बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा.

प्रयोगशाळेत दूध रक्तमिश्रित आगरावर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) पसरून ३७ अंशांना ठेवतात. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे ठिपके दिसतात. ग्रॅम रंजन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि इतर चाचण्यांनी जिवाणू ओळखतात: स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, ई. कोलाय. तीन किंवा जास्त प्रकारचे उगवले तर नमुना घेतानाच घाण गेली, असं धरतात. मग प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवून कोणत्या चकतीभोवती वाढ थांबली ते मिलिमीटरमध्ये मोजतात. याला तीन-चार दिवस सहज जातात. तोवर काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. निकालाचा तक्ता हातात आल्यावर त्यातलं औषध स्वतः दुकानातून आणू नका. उपचारानंतर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही विचारा.

जनावर अचानक मेलं आणि नाका-गुदातून न गोठणारं काळं रक्त आलं, तर हे सगळं बाजूला ठेवा. फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो. शवविच्छेदन करायचं नाही, कातडं काढायचं नाही. कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घेण्याचं काम डॉक्टरांचंच. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणासाठीच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाची खबर ग्रामपंचायतीला देणं मालकावर बंधनकारक आहे. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावरही फोन करा.