मशीनच्या पुस्तिकेतलं ‘किती वेळा’

नमस्कार कास्तकार मंडळी,

आमच्याकडून इंजिन, मोटारपंप किंवा फवारणी पंप नेला की सोबत इंग्रजी पुस्तिका मिळते. बहुतेक घरी ती खोक्यातच राहते. एखाद्या घरी दहावीतली पोर वाचून दाखवते, पण शब्द कळला तरी दिवस कसे मोजायचे तिथं घोळ होतो. आमच्याकडं दुरुस्तीला येणारी बरीच यंत्रं या मोजणीतच फसलेली असतात, म्हणून हा कागद.

सगळ्यांत महागात पडतं ते ‘व्हिचेव्हर इज अर्लियर’. ऑइल बदलायला ‘सिक्स मंथ्स ऑर हंड्रेड अवर्स, व्हिचेव्हर इज अर्लियर’ असं लिहिलेलं असेल, तर सहा महिने किंवा १०० तास, यांतलं जे आधी भरेल ते धरायचं. ओलिताच्या दिवसांत इंजिन रोज चार तास चाललं तर पंचविसाव्या दिवशीच १०० तास भरतात. एक भाऊ जाम झालेलं इंजिन घेऊन आले. म्हणे, “सहा महिने तं झालेच नाही अजून!” आत ऑइलचं डांबर झालं होतं. किती तास चाललं ते खोलीच्या भिंतीवर खडूनं मांडत जा. तुमच्या मशीनचा आकडा वेगळा असू शकतो, तो पुस्तिकेतच पाहा.

आता ‘एव्हरी’. ‘एव्हरी अदर डे’, ‘एव्हरी सेकंड डे’ आणि ‘ऑल्टरनेट डेज’ हे तिन्ही एकच: एक दिवसाआड. ‘एव्हरी थर्ड डे’ म्हणजे मात्र दोन दिवसांआड. सोमवारी केलं की पुढचं गुरुवारी. ‘थर्ड’ ऐकून आपण तीन दिवसांआड धरतो आणि शुक्रवार उजाडतो. आपला ‘आड’ मधले रिकामे दिवस मोजतो, इंग्रजी कामाचा दिवसही मोजणीत घेते.

‘वीकली’ला अडचण नाही, जरी आपल्या आठवड्याच्या नावात आठ अन् दिवस सात असले तरी. ‘फोर्टनाइट’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘चौदा रात्रीं’चा आखडलेला शब्द. आपला पंधरवडा पंधराचा, त्यांचा चौदाचा. बाजाराच्या दिवसावर धरा: एक बाजार सोडून दुसरा, म्हणजे फोर्टनाइट.

‘बाय’ लागलेल्या शब्दांवर आमचा तरी भरवसा नाही. रेल्वेची ‘बाय-वीकली’ गाडी आठवड्यातून दोनदा धावते, आणि रिझर्व्ह बँकेचं ‘बाय-मंथली’ पतधोरण (२०१४ पासून) दोन महिन्यांतून एकदा येतं. तोच ‘बाय’, हिशेब उलटे! ‘बाय-अ‍ॅन्युअल’ सहसा वर्षातून दोनदा, तर ‘बायएनियल’ दोन वर्षांचं. राज्यसभेच्या दर दोन वर्षांनी होणाऱ्या निवडणुकांना हाच शब्द आहे, आणि कांद्यालाही: पहिल्या वर्षी कांदा, दुसऱ्या वर्षी बी. पुस्तिकेत ‘बाय’ दिसला तर अंदाज बांधू नका, आम्हाला विचारा. आमच्या सर्व्हिस कार्डावर आम्ही सरळ तारखाच लिहितो.

‘क्वार्टरली’ तीन महिन्यांनी, ‘हाफ-इयरली’ सहा महिन्यांनी.

‘रेग्युलरली’, ‘पीरिऑडिकली’, ‘फ्रीक्वेंटली’ यांत आकडाच नसतो. आमच्या मते हे शब्द कंपनीनं स्वतःला सांभाळून लिहिलेले असतात. एअर फिल्टरपुढं असं काही दिसलं तर धुळीच्या दिवसांत रोज काम सुरू करण्याआधी तो उघडून पाहा. ‘ऑकेजनली’चा लग्नकार्याशी संबंध नाही, त्याचा अर्थ अधूनमधून. ‘ऑफन’ म्हणजे बरेचदा. ‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’ म्हणजे क्वचितच. त्यांत नकार आधीच आहे, वेगळा ‘नॉट’ शोधू नका. ‘नेव्हर’ म्हणजे कधीच नाही. गरम किंवा चालू इंजिनात पेट्रोल भरण्यापुढं हाच शब्द असतो, तिथं ‘एखाद्या वेळी चालते’ म्हणू नका.

मोटारीच्या पाटीवर ‘ड्यूटी एस १’ किंवा ‘कंटिन्युअस’ असेल तर ती ठरलेल्या भारावर सलग चालवता येते. ‘इंटरमिटंट’ असेल तर मधे विश्रांती द्यावी लागते. त्याच पाटीवर ‘फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ’ असतं. मोटार दिवसातून ५० वेळा सुरू करायची का, असं एका काकांनी विचारलं होतं, आणि ‘फ्रीक्वेन्सी’चा अर्थ ‘किती वेळा’ असा पाहिला तर प्रश्न अगदीच वावगा नव्हता. पण ती विजेची गोष्ट आहे: एका सेकंदात प्रवाहाची ५० आवर्तनं होतात. देशभर हाच आकडा आहे, तुम्हाला त्यात काही करायचं नाही.

पुस्तिका हरवली असेल तर मशीनवरच्या पाटीचा फोटो काढून बाजाराच्या दिवशी दुकानात आणा. तारखा मराठीत लिहून देऊ, त्याचे पैसे नाहीत.