छप्पर श्वास घेत नाही

"लाकडी छपराला श्वास घेऊ द्या, फटी बुजवू नका, नाहीतर लाकूड कुजेल." ऊर्जा वाचवणारं घर बांधायला निघालेल्या माणसाला हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. सल्ला आपुलकीचा असतो, पण नेमका उलटा. छपरातलं लाकूड कुजतं ते बहुतेकदा त्या फटींमुळेच. विटांच्या भिंतीतून खोलीतली हवा बदलत राहते, असं 19व्या शतकात म्युनिकचे थोर आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी मांडलं होतं. पुढच्या मोजमापांत ते टिकलं नाही. लोकांच्या मनात मात्र ते अजून घर करून आहे.

आधी उष्णतेचा हिशेब उरकू. उष्णता अडवते ती अडकून पडलेली, स्थिर हवा. तिची उष्णतावाहकता 0.025 वॅट प्रति मीटर केल्विन. छपराच्या वाशांमध्ये भराव म्हणून घालतात ते रॉकवुलचे (दगड वितळवून केलेल्या लोकरीचे) किंवा सेल्युलोजचे (कागदाच्या लगद्याचे) तंतू हवेला जागच्या जागी धरून ठेवतात, म्हणून त्यांची वाहकता 0.04च्या आसपास असते. पाइनसारख्या लाकडाची 0.13, म्हणजे प्रत्येक वासा शेजारच्या भरावाच्या तिप्पट उष्णता बाहेर सोडतो. छपराचा दहावा हिस्सा वाशांनी व्यापला असेल, तर उष्णतेची गळती सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढते. त्यासाठी वाशांवरून भरावाचा आणखी एक अखंड थर घालतात.

एक मिलिमीटर रंगाचा थर हेच काम करतो, असं सांगणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. पांढरा रंग ऊन परतवतो, हे खरं. पण 30 सेंटीमीटर भरावाची बरोबरी करायला त्या रंगाची वाहकता स्थिर हवेच्याही जवळजवळ दोनशेव्या हिश्श्याइतकी असायला हवी. असा रंग नसतो.

आता माझ्या आवडीचा भाग. भराव जितका चांगला, तितकी छपराची बाहेरची फळी थंडीत जास्त गार पडते, कारण घरातली ऊब तिच्यापर्यंत पोचतच नाही. जुन्या, उष्णता गळणाऱ्या छपरात ती फळी फुकटात शेकली जायची आणि वाळायची. म्हणजे आपण ऊर्जा वाचवली, आणि तेवढ्यानेच लाकूड धोक्यात आलं!

घरात 20 अंश तापमान आणि 50 टक्के सापेक्ष आर्द्रता आहे, बाहेर 0 अंश आहे, असं धरा. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं बाष्प पाणी होऊ लागतं तो, साधारण 9 अंश. भरावातून बाहेर जाताना तापमान सरळ रेषेत उतरतं, त्यामुळे निम्मी जाडी ओलांडली की थोड्याच अंतरावर दवबिंदू गाठला जातो. त्यापलीकडचा सगळा भाग गार पाण्याने भरलेल्या तांब्यासारखा, अंगावर पाणी धरायला तयार. आतल्या एक घनमीटर हवेत साडेआठ ग्रॅमच्या वर बाष्प असतं. ती 0 अंशापर्यंत निवली की सुमारे 4 ग्रॅम पाणी सोडते. फटींतून तासाला 10 घनमीटर हवा गेली आणि सगळी अशी निवली, तर दिवसाला जवळजवळ 1 लिटर पाणी भरावात उतरतं. छताला आतून लावलेल्या अखंड प्लास्टरबोर्डमधून (जिप्समच्या पातळ फळ्यांमधून) रेणू-रेणूने झिरपणारं बाष्प त्यापुढे किरकोळ. शिवाय ऊबदार हवा वर चढते, म्हणून घरातली हवा सर्वात जोराने बाहेर ढकलली जाते ती छताशीच. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहू लागला, की बुरशीची भीती सुरू होते.

मग आतून प्लास्टिकचा कागद ठोकून मोकळं व्हावं? हवा त्याने थांबते. पण उन्हाळ्यात ऊन लाकडातला ओलावा आतल्या दिशेने ढकलतं आणि तो त्याच कागदामागे कोंडतो. पॉलिअमाइडचा (नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा) पडदा इथे कामाला येतो. कोरड्या हवेत तो बाष्प अडवतो. आर्द्रता वाढली की पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सैल करतात आणि बाष्पाला वाट मिळते. हवेला मात्र दोन्ही ऋतूंत मज्जाव. आर्द्रतेप्रमाणे आपला स्वभाव बदलणारा हा साधा कागद मला फार देखणा वाटतो. बाहेरच्या बाजूला बाष्प सहज सोडणारा, पण पाऊस अडवणारा थर घातला, की छपराला दोन्हीकडून वाळता येतं. माणसांना लागणारी ताजी हवा पंख्याने, ठरवून आणायची.

पडदा कितीही हुशार असला, तरी विजेच्या पाइपाभोवती बोटभर भोक राहिलं की वरचा हिशेब पुन्हा लागू. म्हणून दारात पंखा बसवून घरात 50 पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात आणि गळती मोजतात. पॅसिव्ह हाउसच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेवर चालणाऱ्या घरांच्या, मानकाप्रमाणे या दाबाला तासाभरात घरातल्या हवेच्या 0.6 पटीहून जास्त हवा गळता कामा नये. ही चाचणी आतलं पॅनेलिंग बसवण्याआधी करावी, म्हणजे धूर सोडून प्रत्येक फट डोळ्यांनी दिसते आणि टेपने बुजवता येते.