भूजनित्र

पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून विद्युतप्रवाह आणि त्यापासून चुंबकीय क्षेत्र तयार होत राहते, त्या यंत्रणेला भूजनित्र म्हणतात. होकायंत्राची सुई वळवणारे क्षेत्र मुख्यतः सुमारे २,९०० किमी. खोलीच्या खाली निर्माण होते.

पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, असे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये मांडले. पण हा कायमचा चुंबक असू शकत नाही. लोखंड ७७० °से.च्या वर तापले की त्याचे चुंबकत्व जाते, आणि गाभ्याचे तापमान त्याच्या कितीतरी पट आहे. शिवाय हे क्षेत्र बदलत राहते. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या ११ अंश पूर्वेला होती. १८२० च्या आसपास ती २४ अंश पश्चिमेला गेली होती. एवढी चंचलता घन खडकाला जमणारी नाही, ती द्रवाचीच.

बाह्य गाभा द्रव आहे, हे भूकंपलहरींवरून ठरले. द्रवातून जाऊ न शकणाऱ्या दुय्यम लहरी त्यातून पार होत नाहीत. त्याच्या आत सुमारे १,२२० किमी. त्रिज्येचा घन अंतर्गाभा आहे; त्याचे अस्तित्व इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये दाखवले.

जनित्राला ऊर्जा मिळते ती गाभा निवत असल्यामुळे. उष्णता गाभ्यावरच्या प्रावरणात, म्हणजे खडकांच्या जाड थरात, जाते, तसतसे अंतर्गाभ्याच्या पृष्ठावर लोखंड गोठत जाते. गोठताना अप्रकट उष्णता बाहेर पडते. लोखंडात मिसळलेली हलकी मूलद्रव्ये द्रवातच मागे राहतात आणि वर चढतात. या दोन्हींमुळे द्रव घुसळला जातो. त्याचा वेग वर्षाला १०–२० किमी., म्हणजे गोगलगायीहूनही कमी. तरी एवढ्या प्रचंड वाहक द्रवाला तो पुरतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे या प्रवाहांना पीळ बसतो. आधीच्या क्षेत्रात वाहक द्रव हलला की त्यात वीज वाहते आणि ती वीज त्याच क्षेत्राला बळ देते. मात्र क्षेत्र अगदी सुबक, अक्षाभोवती सममित असून चालत नाही: पूर्ण सममित क्षेत्र स्वतःला टिकवू शकत नाही, हे टी. जी. काउलिंग यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले.

ही यंत्रणा थांबली, तर क्षेत्र काही दशसहस्र वर्षांत विरून जाईल. प्राचीन खडकांतल्या नोंदी मात्र ३ अब्ज वर्षांहून मागे जातात. अंतर्गाभा बहुधा त्यामानाने बराच तरुण आहे. तेव्हा तो गोठू लागण्यापूर्वी जनित्र कशावर चालत होते, हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न.

क्षेत्राचे ध्रुव अधूनमधून उलटतात. आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेने चुंबकित झालेला लाव्हा बेर्नार ब्रुन यांनी १९०६ मध्ये नोंदवला. शेवटची उलटापालट सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वी झाली. ग्लाट्झमायर आणि रॉबर्ट्स यांच्या १९९५ च्या संगणकीय प्रतिकृतीत ती आपोआप घडली, बाहेरून धक्का द्यावा लागला नाही. १८४० नंतर द्विध्रुवी क्षेत्र, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांचे मुख्य क्षेत्र, सुमारे ९ टक्क्यांनी क्षीण झाले आहे. त्यावरून पुढची उलटापालट तोंडावर आली म्हणणे घाईचे आहे, कारण आजची तीव्रताही गेल्या काही दशलक्ष वर्षांच्या सरासरीहून कमी नाही.