केस चमकतात ते नेमके कशाने?

लग्नसराई जवळ आली की सांगलीच्या मारुती रोडवरील सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत मेंदीच्या पुड्या आणि केसांच्या डायच्या जोडीला आता ‘हेअर ग्लॉस’ची, म्हणजे केसांना चमक आणि फिकट रंगछटा देणाऱ्या लेपाची, खोकीही मागितली जाऊ लागली आहेत. पार्लरमध्ये जाऊन दोन-तीन तास बसण्यापेक्षा घरच्या घरी अर्ध्या तासात केस चमकदार करून घेणे कोणालाही सोयीचे वाटेल आणि त्यात वावगे काहीच नाही. वावगा आहे तो ‘केसांना आतून पोषण’ हा दावा आणि त्यातून घरोघर रुजलेला हा समज, की चमक म्हणजे केसात उतरलेला जीव असून तो बाटलीतून भरता येतो.

टाळूच्या बाहेर आलेला केस मृत असतो. त्याला रक्तपुरवठा नसतो, त्यात नव्या पेशी तयार होत नाहीत आणि म्हणून एकदा झालेली झीज आपोआप भरूनही निघत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे अडीच वर्षांपूर्वी टाळूबाहेर पडलेले असते आणि तेव्हापासूनचे सारे ऊन, फणी, टॉवेल, साबण आणि रंग त्याने सोसलेले असतात. उत्तम आहाराचा लाभ मुळाशी तयार होणाऱ्या नव्या केसाला होतो, टोकाला नाही. तरीही ग्लॉस लावल्यावर तेच जुने टोक चमकते, हे प्रत्येकीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. मृत वस्तूत जीव न घालता ती चमकते कशी, याचे उत्तर आपण शाळेत शिकलेल्या प्रकाशाच्या परावर्तनात आहे.

त्यासाठी केसाचा पृष्ठभाग आधी पाहायला हवा आणि तो पाहण्यास शाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही पुरतो. काचपट्टीवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, त्यावर एक केस ताणून ठेवावा, थर अर्धवट वाळू द्यावा आणि केस हलकेच उचलून घ्यावा. वाळलेल्या थरात केसाचा ठसा उमटतो आणि चारशे पट वर्धनाखाली त्यात एकावर एक चढलेल्या खवल्यांच्या वेड्यावाकड्या कडा स्पष्ट दिसतात. याच खवल्यांच्या आवरणाला क्युटिकल म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर असते; त्यावर खवल्यांचे पाच ते दहा थर असतात आणि एकेक खवला जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीचा असतो. एकाच केसाचे मुळाजवळचे आणि टोकाजवळचे असे दोन ठसे घेतले, तर मुळाशी कडा सलग दिसतात आणि टोकाकडे त्या तुटक्या, झिजलेल्या, कुठे कुठे नाहीशाच झालेल्या दिसतात.

प्रत्येक खवल्याचा सुमारे दहा मायक्रोमीटर भागच उघडा असतो आणि त्याच्या टोकाशी अर्धा मायक्रोमीटर उंचीची पायरी असते. अर्धा भागिले दहा केले की कोन सुमारे तीन अंशांचा येतो; म्हणजे केसाचा पृष्ठभाग केसाच्या अक्षाला समांतर नसून जवळजवळ तीन अंशांनी कललेला आहे. पृष्ठभाग जितका कलतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो, या शाळेतल्या नियमाने खवल्यांवरून परतणारा प्रकाश अपेक्षित दिशेपासून सुमारे सहा अंश मुळाकडे झुकतो. हा झाला पहिला प्रकाश. तो केसात शिरलेलाच नसतो, त्यामुळे त्याला केसाचा रंग लागत नाही. खिडकीतून आलेल्या पांढऱ्या उजेडाची चमक पांढरीच दिसते. दुसरा प्रकाश केसात शिरतो, केसाच्या पलीकडच्या भिंतीवरून आतल्या आत परावर्तित होतो आणि पुन्हा बाहेर येतो. हा प्रवास केसातील मेलॅनिन या रंगद्रव्यातून होत असल्याने तो रंगीत होऊन परततो आणि कलत्या भिंतींमुळे पहिल्याच्या उलट बाजूला झुकतो. म्हणून तपकिरी केसांवर नीट पाहिले तर चमकेचे दोन पट्टे दिसतात, एक पांढरा आणि त्यापासून जरा सरकलेला एक रंगीत. २००३ साली स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे मोजून गणितात बसवले. त्यांचा उद्देश संगणकावर खरेखुरे वाटणारे केस रेखाटण्याचा होता, पण त्यांनी सांगितलेले गणित आपल्या आरशासमोरच्या केसांनाही तंतोतंत लागू पडते. एवढ्याशा खवल्याचा तीन अंशांचा कल डोक्यावरच्या चमकेच्या पट्ट्याची जागा ठरवतो, ही गोष्ट मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता चमक म्हणजे काय, ते नेमके सांगता येते. हजारो खवले एकाच कोनात असतील तर प्रकाश एकाच दिशेने परततो आणि डोळ्याला उजळ पट्टा दिसतो. हे नियमित परावर्तन. कडा तुटल्या, उचलल्या गेल्या की प्रत्येक कड प्रकाश वेगवेगळ्या दिशेला फेकते, कारण त्या कडांची उंची प्रकाशाच्या तरंगलांबीएवढीच, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरच्या घरातली असते, आणि अशा आकाराच्या खडबडीतपणावरून प्रकाश विखुरणारच. परतलेला प्रकाश तेवढाच असतो, फक्त तो पांगतो, आणि केस निस्तेज दिसतात.

ग्लॉस इथेच काम करतो आणि त्याचे गणित थोडे चकित करणारे आहे. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्या केराटिनचा अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात शिरताना किती वळतो, हे सांगणारा अंक) १.५५ आहे, म्हणून सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४.७ टक्के प्रकाश पृष्ठभागावरून परततो. त्यावर १.४० अपवर्तनांकाच्या सिलिकोनचा पातळ थर दिला, तर हवा आणि सिलिकोन यांच्या सीमेवरून सुमारे २.८ टक्के आणि सिलिकोन व केराटिन यांच्या सीमेवरून सुमारे ०.३ टक्का, असा एकूण सुमारे ३ टक्केच प्रकाश परततो. (थरातील व्यतिकरणाचा, म्हणजे दोन सीमांवरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्याचा, परिणाम येथे बाजूला ठेवला आहे.) म्हणजे थर दिल्यावर परतणारा एकूण प्रकाश कमी होतो, तरीही केस अधिक चमकतात, कारण थराने पायऱ्या बुजलेल्या असतात आणि जो काही प्रकाश परततो तो एकाच दिशेने परततो. चमकदारपणाच्या उत्पादनांत फिनाइल गट जोडलेली सिलिकोन वापरतात, ती याच हिशेबाने: त्यांचा अपवर्तनांक १.४६ च्या आसपास असल्याने परतणारा प्रकाश साडेतीन टक्क्यांच्या पुढे राहतो.

रंगाचा वाटा वेगळा आहे. काळ्याभोर केसात शिरलेला प्रकाश मेलॅनिन शोषून टाकते, त्यामुळे पृष्ठभागावरची पांढरी चमक गडद पार्श्वभूमीवर उठून दिसते. पिकलेल्या केसात मेलॅनिन नसते. आत गेलेला प्रकाश इकडेतिकडे विखुरून बाहेर पडतो आणि पृष्ठभाग तितकाच गुळगुळीत असला तरी चमक त्या उजेडात बुडून जाते. ग्लॉसमधील फिकट रंगछटा हा विखुरलेला प्रकाश थोडा शोषते. केस रंगवल्यावर ‘तजेला आला’ असे जे वाटते, त्यातला बराचसा भाग या पार्श्वभूमीच्या गडद होण्याचा असतो.

परंतु रंग देण्याची रीत पृष्ठभागाला महागात पडू शकते. निरोगी केसाच्या सर्वांत बाहेरच्या बाजूला एकाच रेणूच्या जाडीचा मेदाम्लाचा थर असतो. त्या आम्लाचे नाव १८-मिथाइल आयकोसॅनॉइक आम्ल, आणि ते खवल्यांतील प्रथिनाला सहसंयुज बंधाने जोडलेले असते. पाण्याचा थेंब नव्या केसावरून घरंगळतो तो याच्यामुळे, आणि दोन केस एकमेकांवरून अलगद सरकतात तेही याच्यामुळेच. कायमस्वरूपी डायचा सामू ९ ते १०.५ असतो. या आम्लारिधर्मी मिश्रणात केस फुगतो, खवले उचलले जातात, रंगहीन असे पॅराफिनिलिनडायअमाइनचे लहान रेणू आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांचे ऑक्सिडीकरण करते आणि तयार झालेले मोठे रंगीत रेणू आतच अडकून राहतात. यूजीन श्यूलर यांनी १९०७ साली फ्रान्समध्ये बनवलेल्या रंगापासून आजतागायत या रसायनाचा गाभा फारसा बदललेला नाही. या साऱ्या खटाटोपात तो मेदाम्लाचा थर मात्र तुटून धुतला जातो. तासगाव-कवठेमहांकाळ भागात बेदाण्यासाठी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात, म्हणजे डिपिंग ऑइलमध्ये, बुडवून काढतात. त्या आम्लारिधर्मी द्रावणाने सालीवरच्या मेणाच्या थराची रचना मोडते आणि आतले पाणी भराभर बाहेर पडते. केसाचेही तसेच आहे: संरक्षक थर गेला की पाणी सहज आतबाहेर करते, केस फुगतो, आकसतो, गुंततो. फरक इतकाच, की द्राक्षाच्या बाबतीत ते मुद्दाम घडवलेले असते.

येथे ‘अमोनियामुक्त’ या शब्दाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावर फार मोठा विश्वास ठेवला जातो. अशा बहुतेक डायमध्ये अमोनियाच्या जागी मोनोइथेनॉलअमाइन असते. ते अमोनियासारखे उडून जात नाही म्हणून डोळ्यांना झोंबणारा वास येत नाही, पण मिश्रण आम्लारिधर्मीच राहते. वास नाही म्हणजे अपाय नाही, हा निष्कर्ष रसायनशास्त्रात बसत नाही.

चांगला ग्लॉस या मानाने सौम्य असतो. काहींत पेरॉक्साइड अजिबात नसते आणि रंग थेट केसावर बसतो, तो थोड्याच न्हाण्यांत उतरतो. काहींत सौम्य पेरॉक्साइड असते आणि तो चार ते सहा आठवडे टिकतो. त्यातील धनप्रभारित घटकांचे वागणे लक्षात घेण्यासारखे आहे. रंगामुळे किंवा ब्लीचमुळे खराब झालेल्या भागात सिस्टीन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन ऋणप्रभारित गट उघडे पडतात. धनप्रभारित कंडिशनिंग रेणू त्यांच्याकडे ओढले जातात आणि जिथे झीज अधिक तिथेच अधिक चिकटतात. मुळाला कमी, टोकाला जास्त असे वाटप कोणी न सांगता होते. हे पोषण नव्हे; ते चांगले, मोजता येण्याजोगे आणि न्हाण्यागणिक झिजणारे लेपन आहे.

खवल्यांच्या याच रचनेने आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो. एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे फिरवली तर गुळगुळीत लागते, उलट फिरवली तर खरखरीत लागते. गळालेले केस विंचरून काढले नाहीत, तर उलटसुलट पडलेल्या केसांचे खवले एकमेकांत अडकतात, हालचालीबरोबर गुंता एकाच दिशेने आवळत जातो, आणि तेल व धूळ त्याला घट्ट करतात. यालाच जट म्हणतात. दक्षिण महाराष्ट्रात जट आली की ती यल्लम्माची मानून मुलींना देवीला सोडले जात असे. त्या मुलींच्या आयुष्याची जी राखरांगोळी झाली तिच्या मुळाशी एका दिशेला वळलेल्या खवल्यांचे घर्षण होते. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन, समजूत घालून, कात्रीने जट काढतात आणि देवीचा कोप कोणावरही होत नाही. हे काम मला केसांवरील कोणत्याही संशोधनाइतकेच मोलाचे वाटते.

मेंदीचाही विचार याच चौकटीत करावा. तिच्यातील लॉसोन हा नारिंगी रेणू केराटिनला थेट जोडला जातो, म्हणून त्याला पेरॉक्साइड लागत नाही आणि खवले उचलावे लागत नाहीत. लोखंडी कढईत रात्रभर चहाच्या काढ्यात आणि आवळा पावडरीबरोबर मेंदी भिजवण्याची आपल्याकडची रीत निराधार नाही. चहा-आवळ्यातील टॅनिन आणि कढईतील लोह मिळून काळसर संयुग तयार होते, जुन्या काळच्या शाईतही तेच असे. मात्र तासाभरात गडद काळा रंग देणारी ‘काळी मेंदी’ ही बहुधा नावापुरतीच मेंदी असते आणि तिच्यात पॅराफिनिलिनडायअमाइन मिसळलेले असते. या पदार्थाची ॲलर्जी काहींना तीव्र स्वरूपात होते, चेहरा सुजतो, आणि एकदा झालेली ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. म्हणून डाय असो, काळी मेंदी असो वा रंगीत ग्लॉस, कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास वाट पाहणे प्रत्येक वेळी आवश्यक आहे, पूर्वी काही झाले नसले तरीही.

घरी करताना आणखी दोन बाबी. सांगलीच्या उपनगरांत अनेक घरांत बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरतात. त्यातील कॅल्शियम रंगवलेल्या केसांच्या ऋणप्रभारित जागांवर बसते आणि साबणाबरोबर न विरघळणारा पांढुरका साका तयार करते. तो केसांवर असताना ग्लॉस लावला तर थर साक्यावर बसतो, केसावर नाही. ग्लॉस लावण्याआधीचे न्हाणे साबणाऐवजी शाम्पूने आणि शक्य असेल तर नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावे. दुसरी बाब रंगाच्या जागेची. दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत डाय फासण्याची सवय सर्वत्र दिसते, परंतु पांढरा दिसतो तो फक्त नवा उगवलेला एक सेंटिमीटरचा भाग. उरलेल्या लांबीत आधीचा रंग असतोच, आणि पुन्हा लावलेला डाय तिथे उरलासुरला मेदाम्लाचा थर तेवढा काढून नेतो. डाय ब्रशने मुळांशीच लावावा आणि खालच्या लांबीला त्याच दिवशी, डाय पूर्ण धुऊन झाल्यावर, पेरॉक्साइड नसलेला ग्लॉस द्यावा.